सबमशीन गनची गोळी बारीक असती तर?

प्रश्न असा आहे: पहिल्या महायुद्धात सबमशीन गन, म्हणजे पिस्तुलाची काडतुसे सलग झाडणारी हातातली बंदूक, जन्माला आली तेव्हापासून तिने बहुतेक ठिकाणी ९ मि.मी. किंवा .४५ (इंच) ही जाड पिस्तुली काडतुसे वापरली. त्याऐवजी ७.६ मि.मी. च्या आसपासची किंवा त्याहून बारीक गोळी रूढ झाली असती, तर बंदुका, सैन्ये आणि लढाया कितपत बदलल्या असत्या? कल्पित इतिहासाचे वळण नेमके कुठे टाकले तर ते पटेल?

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ. काडतूस म्हणजे केस (पितळेची नळकांडी), दारू, प्रायमर (ठिणगी देणारी टिकली) आणि गोळी मिळून झालेला अख्खा नग. गोळी म्हणजे नळीतून बाहेर पडते तेवढीच. या विषयावरचे निम्मे वाद हे दोन शब्द एकमेकांत मिसळल्यामुळे होतात, ते कसे हे पुढे दिसेल.

हा इतिहास अर्धाअधिक खरोखर घडून गेला आहे. फिनलंडने, फ्रान्सने, सोव्हिएत संघाने आणि चेकोस्लोव्हाकियाने बारीक गोळीच्या सबमशीन गन बनवल्या, त्यांतल्या काही लाखोंनी बनल्या. त्यामुळे कल्पना लढवायला फारशी मोकळी जागा उरत नाही. जे झाले त्यावरून जे होऊ शकले असते ते बऱ्यापैकी मोजता येते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की सबमशीन गनचे काडतूस सुरुवातीच्या काळात जवळपास कधीच तिच्यासाठी म्हणून बनले नाही. ते पिस्तुलाकडून आले. सैन्याच्या कोठारात पिस्तुलाच्या काडतुसांचे खोके रचलेले होते, कारखाने ती काढत होते, म्हणून नवी बंदूक त्यांच्याभोवती रचली गेली. १९१८ मध्ये बर्गमनच्या कारखान्यातून ह्यूगो श्माइसरची एमपी १८ बाहेर पडली ती ९ मि.मी. पॅराबेलमवर, कारण जर्मन सैन्याचे लुगर पिस्तूल त्यावर चालत होते. १९२१ ची थॉमसन .४५ वर आली, कारण अमेरिकेचे १९११ चे कोल्ट पिस्तूल .४५ चे होते. तेव्हा सबमशीन गनची गोळी बदलायची असेल तर आधी पिस्तुलाची बदलावी लागते. या क्रमाला फाटा देणारा कल्पित इतिहास पहिल्याच पानावर कोसळतो.

आता हिशेब. साध्या ब्लोबॅक सबमशीन गनमध्ये बोल्टला, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या ठोकळ्याला, कुलूप नसते. काडतूस फुटते तेव्हा केस मागे रेटला जातो आणि त्याला थोपवून धरतो तो फक्त बोल्टचा जडपणा आणि मागची स्प्रिंग. बोल्ट किती जड हवा हे गोळीच्या ऊर्जेवर ठरत नाही, संवेगावर ठरते, म्हणजे वजन गुणिले वेग. .४५ ची गोळी १४.९ ग्रॅमची, थॉमसनमधून साधारण २८० मीटर प्रति सेकंद. ऊर्जा सुमारे ५८० ज्यूल, संवेग ४.२. ९ मि.मी. ची ८ ग्रॅमची गोळी सबमशीन गनच्या नळीतून ३८० मीटरने जाते. ऊर्जा पुन्हा ५८० च्या घरात, संवेग मात्र ३.० वर येतो. सोव्हिएत ७.६२ टोकारेव्हची ५.५ ग्रॅमची गोळी पीपीएसएच या सोव्हिएत सबमशीन गनमधून ४९० मीटरने सुटते. ऊर्जा ६६० ज्यूल, म्हणजे तिघांत जास्त, आणि संवेग २.७, म्हणजे तिघांत कमी. दारूच्या वायूंचा धक्का यात वेगळा मिळवावा लागतो आणि बारीक गोळीच्या काडतुसात दारू जास्त असल्याने अंतर थोडे कमी होते, पण क्रम तोच राहतो.

बारीक गोळीचा खरा फायदा या आकड्यांत आहे. तेवढीच किंवा जास्त ऊर्जा कमी धक्क्यात मिळते. बोल्ट हलका करता येतो, खांद्याला कमी बसते, आणि गोळी सपाट जाते. हवेचा रोध सोडून नुसते गुरुत्वाकर्षण धरले तर २०० मीटरवर पोचेपर्यंत .४५ ची गोळी अडीच मीटर खाली येते, ९ मि.मी. ची १.३६ मीटर, टोकारेव्हची ८२ सेंटिमीटर. प्रत्यक्षात तिन्ही याहून जास्त पडतात. अंतराचा अंदाज ३० मीटरने चुकला तर .४५ वाल्याची गोळी धडाच्या खाली, पायांकडे जाते, टोकारेव्हवाल्याची अजून धडात लागते. भरतीला येऊन तीन आठवडे झालेल्या शिपायासाठी हा फरक फार मोठा आहे.

मग सगळ्यांनी बारीक गोळी का घेतली नाही? १९०४ मध्ये अमेरिकेत शिकागोच्या कत्तलखान्याच्या आवारात जनावरांवर आणि मृतदेहांवर गोळ्यांच्या चाचण्या झाल्या. फिलिपीन्समधल्या लढायांत .३८ चे रिव्हॉल्व्हर माणूस थांबवत नाही अशी तक्रार होती, तिचा हा परिणाम. चाचण्यांत ७.६५ आणि ९ मि.मी. दोन्ही लुगर होती. निष्कर्ष निघाला की लष्करी पिस्तुलाची गोळी .४५ पेक्षा कमी नसावी. चाचण्या घेणाऱ्या दोघांपैकी एक वैद्यकीय अधिकारी लुई लागार्ड आणि दुसरे जॉन टी. थॉमसन, म्हणजे पुढे ज्यांच्या नावाने थॉमसन गन निघाली तेच. चाचण्यांची पद्धत आजच्या मापाने कच्ची होती, नमुना लहान होता, पण निष्कर्ष माणसाच्या डोक्यात पक्का बसला. अमेरिकेतले वळण अवघड आहे ते यामुळे.

पहिले शक्य वळण जर्मनीत आहे, आणि ते पितळेच्या एका मानेएवढे लहान आहे. गेओर्ग लुगरचे मूळ पिस्तूल ७.६५ पॅराबेलमचे होते, ६ ग्रॅमची गोळी आणि बाटलीसारखी मान असलेला केस. स्वित्झर्लंडने १९०० मध्ये तेच स्वीकारले. १९०२ च्या सुमारास लुगरने त्या केसची मान उघडून त्यात ९ मि.मी. ची गोळी बसवली. जर्मन नौदलाने ते १९०४ मध्ये घेतले आणि भूदलाने १९०८ मध्ये. समजा भूदलाने स्विस लोकांप्रमाणे ७.६५ वरच समाधान मानले असते, तर एमपी १८ आपोआप ७.६५ ची झाली असती. हे नुसते तर्काने सांगत नाही. युद्धानंतर स्वित्झर्लंडमध्ये एसआयजीने बर्गमनची हीच बंदूक ७.६५ मध्ये बनवली, ती फिनलंडने घेतली, आणि तिथल्या आइमो लाहतीची पहिली सुओमी सबमशीन गन, म्हणजे १९२६ चे मॉडेल, ७.६५ पॅराबेलमवरच होती. प्रसिद्ध झालेली १९३१ ची सुओमी मात्र ९ मि.मी. वर आली.

या वळणाने काय बदलते? फार थोडे. केसचा बुडाचा व्यास तोच, त्यामुळे मॅगझिन तेच, बोल्टचे तोंड तेच. धक्का जरासा कमी, मार्ग थोडा सपाट. वर मान काढण्याचा आणि तिला तापवून नरम करण्याचा जास्तीचा टप्पा काडतुसाच्या कारखान्यात वाढतो. १९४१ मध्ये ब्रिटिशांनी आपली स्वस्त सबमशीन गन स्टेन ९ मि.मी. ची केली, ती या जगात ७.६५ ची झाली असती आणि युद्धाचा नकाशा जसाच्या तसा राहिला असता. मात्र एका ठिकाणी फरक पडू शकला असता. सोव्हिएत हल्लेखोर इंजिनिअर तुकड्यांना १९४२ पासून पोलादी छातीकवच दिले गेले, २ मि.मी. जाड, साडेतीन किलोच्या आसपास. जर्मन एमपी ४० च्या ९ मि.मी. गोळीला घरांमधल्या लढाईत ते पुरेसे ठरावे असा हेतू होता. समोरच्याकडे ७.६५ ऐवजी जर्मनांचेच दुसरे पिस्तुली काडतूस, ७.६३ माउझर, असते, म्हणजे हलकी, बारीक आणि ४३० मीटरच्या वर जाणारी गोळी, तर २ मि.मी. पत्र्यावर भरवसा ठेवणे कठीण झाले असते. कवच जाड करावे तर माणूस जिना चढू शकत नाही. कल्पित इतिहासात स्टालिनग्राडच्या घरांवर लिहायचे असेल तर नकाशापेक्षा या पत्र्याकडे बघा.

इथे कॅलिबरचा, म्हणजे गोळीच्या व्यासाचा, सर्वांत मोठा गैरसमज उघड होतो. लोक धरून चालतात की गोळी बारीक झाली की मॅगझिनमध्ये जास्त मावतील. मॅगझिनमध्ये गोळ्या एकमेकींवर रचल्या जात नाहीत, केस रचले जातात. ७.६३ माउझर आणि त्यावरून घेतलेले ७.६२ टोकारेव्ह यांच्या केसचे बूड १० मि.मी. च्या जरा आत, आणि ९ मि.मी. पॅराबेलमचेही जवळपास तेवढेच. म्हणजे तसूभरही फायदा नाही. उलट काडतूस लांब असल्याने मॅगझिन पुढून मागे जास्त रुंद लागते. याचा पुरावा बघायचा तर जर्मनांनी पकडलेल्या पीपीएसएच बघाव्यात. त्यांनी काही बंदुका ९ मि.मी. वर उतरवल्या आणि एमपी ४१ (आर) म्हणून वापरल्या. त्यासाठी नळी बदलली आणि एमपी ४० चे मॅगझिन बसेल असा जोड घातला. बोल्ट तोच ठेवला, कारण बुडाला फरकच नव्हता. काही पीपीएसएच तशाच ठेवल्या आणि त्यांत जर्मन ७.६३ माउझरची काडतुसे घातली.

दुसरा पुरावा याहून सुंदर आहे. चेकोस्लोव्हाकियाने १९४८ च्या सुमारास यारोस्लाव्ह होलेचेकची सबमशीन गन ९ मि.मी. मध्ये आणली, एसए २३ आणि २५. पुढे सोव्हिएत गटाच्या एकसारखेपणासाठी तीच बंदूक ७.६२ टोकारेव्हवर नेली, एसए २४ आणि २६. दोन्ही शेजारी ठेवा. ७.६२ च्या बंदुकीत मुठीतून जाणारे मॅगझिन किंचित पुढे कललेले दिसते, कारण लांब काडतूस सरळ मुठीत नीट बसत नव्हते. एकच बंदूक, एकच रचना, दोन कॅलिबर. कॅलिबर बदलण्याची किंमत नेमकी किती, ते यापेक्षा स्पष्ट कुठेच दिसत नाही.

मॅगझिनमध्ये खरोखर जास्त मावायचे असेल तर केसचे बूड बारीक हवे. दुसरे वळण तिथे आहे, आणि माझ्या मते सर्वांत भक्कम तेच.

१९१७-१८ मध्ये रेमिंग्टनच्या जॉन पेडर्सनने अमेरिकन सैन्यासाठी एक जोड बनवला. स्प्रिंगफील्ड रायफलचा बोल्ट काढायचा, त्या जागी हा जोड सरकवायचा, आणि रायफल लहान काडतुसांची अर्धस्वयंचलित बंदूक होते. मॅगझिन ४० चे. काडतूस खास त्यासाठी बनवलेले, .३० कॅलिबरचे, सरळ बारीक केस, बूड साडेआठ मि.मी. च्या आसपास. गोळी ५.२ ग्रॅम, वेग सुमारे ३९५ मीटर. १९१९ च्या वसंतातल्या हल्ल्यात शिपाई चालत जाताना सतत गोळ्या झाडत राहतील अशी योजना होती. गुप्तता इतकी की कागदोपत्री त्याचे नाव १९१८ चे स्वयंचलित पिस्तूल असे होते. सुमारे ६५,००० नग बनले. नोव्हेंबर १९१८ ला युद्ध थांबले. नग कोठारात गेले आणि १९३१ मध्ये बहुतेक सगळे नष्ट केले गेले.

आकडे लावून पहा. ऊर्जा ४०६ ज्यूल, संवेग २.१, म्हणजे .४५ च्या निम्मा. बूड ९ मि.मी. च्या काडतुसापेक्षा १४ टक्के बारीक, म्हणजे ३२ च्या मॅगझिनच्या उंचीत ३७ मावतील. सैन्याकडे हे काडतूस होते, ते बनवणारी यंत्रे होती, आणि ते पिस्तुलाच्या नावाने नोंदलेले होते. पिस्तूल आधी बदलावे लागते ही जी मुख्य अडचण, ती इथे जवळपास सुटलेली होती. या काडतुसाभोवती हातात धरायची छोटी सबमशीन गन बनवण्याचा निर्णय झाला असता तर १९२२-२३ पर्यंत ती उभी राहिली असती.

ती कशी असती हे सांगायला कल्पनेची गरज नाही, कारण ती फ्रान्सने बनवली. १९३८ ची एमएएस ३८ पेडर्सनच्याच काडतुसावर बेतलेल्या ७.६५ लॉन्गवर चालते. मॅगझिन ३२ चे, रिकामे वजन २.८७ किलो. तिच्याकडे बाजूने पाहिले की नळी आणि कुंदा एका रेषेत नाहीत हे लगेच कळते. बोल्ट मागे सरकत कुंद्यातल्या तिरप्या नळीत खाली उतरतो. या तिरपेपणामुळे बंदूक आखूड राहते, आणि हलक्या संवेगामुळे छोटा बोल्ट पुरतो. तुलनेसाठी १९२८ ची थॉमसन रिकामी ४.९ किलो भरते.

दोन किलोंचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीवर ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव कंपनीचे निरोप्या होते. त्यांनी पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या भागातून जखमी सोबत्यांना हलवले आणि मग एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली, हातात होती टॉमी गन, म्हणजे थॉमसनच. हाताला गोळी लागून ती चालवता येईना तेव्हा ती टाकून ग्रेनेड घेतले. या कामगिरीसाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या माणसाचे काम पळण्याचे आहे त्याच्या अंगावर काय वजन असते ते मोजा. १८० काडतुसे धरली तर .४५ ची ३.८ किलो, ९ मि.मी. ची २.२ किलो, टोकारेव्हची १.९ किलो, आणि ही मॅगझिनच्या पत्र्याशिवाय. बंदूक आणि काडतुसे मिळून थॉमसनवाल्याच्या अंगावर पावणेनऊ किलो. एमएएस ३८ सारख्या बंदुकीत तेवढीच काडतुसे घेतली तर पाच किलोच्याही आत. बारीक गोळीच्या बाजूने मला सर्वांत मोठा वाटणारा युक्तिवाद हाच आहे. तो भेदकतेचा नाही, पायांचा आहे.

मग एमएएस ३८ का रुजली नाही? बंदूक चांगली होती. उशीर झाला होता. फ्रान्स पडेपर्यंत फार थोड्या बनल्या, नंतर उत्पादन जर्मनांच्या हाताखाली चालले. आणि ७.६५ लॉन्ग हे एकट्या फ्रान्सचे काडतूस होते. शत्रूकडून पकडून आणावे तर शत्रूकडे नाही, मित्राकडून मागावे तर मित्राकडे नाही. युद्धानंतर फ्रान्सने एमएटी ४९ बनवली ती ९ मि.मी. वर. कल्पित इतिहासात हेच काडतूस अमेरिकेच्या कारखान्यांतून निघत असते, तर ही एकटेपणाची अडचण उलटून गेली असती. मग ब्रिटनने आणि इतर दोस्त राष्ट्रांनी तेच घेतले असते, जसे पुढे अमेरिकन काडतुसांचे खरोखर झाले.

म्हणून १९०४ च्या चाचण्यांचे काय करायचे हा प्रश्न उरतो. थॉमसन १९१८ मध्ये मत बदलतात असे दाखवू नका, ते पटणार नाही. पेडर्सनचे काडतूस पिस्तुलाची जागा घेत नाही, रायफलीला जोड देते, अशी मांडणी ठेवा. आयुध खात्यात तो वाद वेगळ्या टेबलावर होता. तिथून सबमशीन गनपर्यंत जाणारी वाट अरुंद आहे, पण आहे.

सोव्हिएत अनुभवावर जरा थांबावे लागेल, कारण बारीक गोळीच्या सबमशीन गनची सर्वांत मोठी परीक्षा तिथे झाली. १९२७ मध्ये फ्योदोर टोकारेव्हने पहिली सोव्हिएत सबमशीन गन नागांत रिव्हॉल्व्हरच्या ७.६२ काडतुसावर केली. त्या काडतुसाला बुडाशी कड असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की ते पुढे सरकत नाही, अडकून बसते. रिव्हॉल्व्हरसाठी बनलेले काडतूस सबमशीन गनला चालत नाही, हे तिथे सिद्ध झाले. १९३० मध्ये त्यांनी माउझरच्या काडतुसावरून ७.६२ टोकारेव्ह घेतले. रायफलीच्या नळीचा व्यास तोच, म्हणून नळ्या कोरण्याची तीच यंत्रे आणि तीच मापे वापरता आली. भेदकतेपेक्षा हे कारण मोठे होते.

पुढे काय बिघडले तेही तितकेच शिकण्यासारखे आहे. श्पागिनच्या पीपीएसएच ४१ ला ७१ चे ड्रम, म्हणजे गोल डब्यासारखे मॅगझिन, दिले. ड्रम सुओमीच्या धर्तीचे, पण कारखान्यातून निघालेले सगळे ड्रम सगळ्या बंदुकांना बसत नव्हते. एकेका बंदुकीला जुळवून द्यावे लागत. भरायला वेळ लागे आणि थंडीत बोटे गोठत. म्हणून ३५ चे वाकडे पेटी मॅगझिन आले. काडतूस बुडाकडून निमुळते असल्याने ते सरळ रचले की कोन जमत जातो, म्हणून मॅगझिन वाकवावेच लागते. पहिला पत्रा अर्धा मि.मी. होता, आपटला की मॅगझिनच्या तोंडाचे ओठ वाकत आणि काडतूस तिरपे उठे. नंतर पत्रा १ मि.मी. केला. त्या ओठांकडे जवळून पाहिले तर कळते की सबमशीन गनचा बिघाड बऱ्याचदा तिथे सुरू होतो, मग कॅलिबर कोणतेही असो.

दुसरी अडचण वेगाची. संवेग कमी आणि बोल्ट हलका, म्हणजे बोल्ट झपाट्याने मागेपुढे होतो. पीपीएसएच मिनिटाला ९०० ते १००० झाडते. ३५ चे मॅगझिन सव्वादोन सेकंदांत रिकामे. सुदायेव्हने वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये केलेली पीपीएस याच काडतुसावर ६०० ते ७०० वर आली. पोलादाच्या हिशेबातही ती फार पुढे होती: पीपीएसएचला सुमारे १३.९ किलो कच्चे पोलाद आणि ७.३ तास लागत, पीपीएसला ६.२ किलो आणि २.७ तास. म्हणजे गोळी बारीक करून जो फायदा मिळतो, तो नीट रचनेवाचून हातातून जातो. चेकोस्लोव्हाकियाच्या १९६१ च्या स्कॉर्पिअनमध्ये हेच टोकाला गेलेले दिसते. ७.६५ ब्राउनिंगचे इवलेसे काडतूस, बंदूक १.३ किलोची, आणि बोल्ट इतका हलका की तिचा रचनाकार मिरोस्लाव्ह रिबार्झला मुठीत वेग आवरणारी वेगळी यंत्रणा बसवावी लागली. तरीही मिनिटाला ८५० च्या आसपास जाते. .२२ च्या छोट्या काडतुसाची ‘अमेरिकन १८०’ नावाची बंदूक तर मिनिटाला १२०० झाडते आणि तिचे १७७ चे ड्रम नऊ सेकंदांत संपते.

अनेकांना वाटते की सबमशीन गन आधीपासून सपाट मार्गाची असती तर पिस्तूल आणि रायफल यांच्या मधल्या ताकदीच्या काडतुसाची, म्हणजे जर्मन ७.९२ कुर्झ किंवा सोव्हिएत ७.६२×३९ ची गरजच पडली नसती. हे चूक आहे, आणि पुरावा पुन्हा सोव्हिएतच आहेत. जगातली सर्वांत सपाट मार्गाची सबमशीन गन लाखोंनी हातात असताना त्यांनी १९४३ मध्ये मधल्या काडतुसाचे काम सुरू केले. ५.५ ग्रॅमची बोथट गोळी लवकर वेग गमावते. आपल्या व्यासाच्या मानाने ती ९ मि.मी. च्या गोळीपेक्षाही हलकी पडते. २०० मीटरपर्यंत ती फायदा देते, ३५० मीटरवर काही उपयोगाची नाही.

आवाजाची गोष्ट थोडक्यात. .४५ ची गोळी मुळातच ध्वनीपेक्षा मंद आहे, म्हणून डी लाइल कार्बाइनसारखी जवळपास निःशब्द बंदूक त्यावर झाली. वेगावर जगणारी बारीक गोळी मंद केली की तिच्यात काही उरत नाही. बारीक गोळीच्या जगात गुप्त मोहिमांना वेगळे काडतूस ठेवावेच लागले असते.

तिसरे वळण १९६३ चे. मेल्विन जॉन्सनने .३० कार्बाइनच्या केसची मान आवळून त्यात ५.७ मि.मी. ची गोळी बसवली आणि एम १ कार्बाइन, म्हणजे अमेरिकन सैन्याची आखूड हलकी रायफल, त्यावर चालवली. अडीच ग्रॅमच्या आसपासची गोळी, वेग ९०० मीटरच्या वर. आज आपण ज्याला वैयक्तिक संरक्षणाचे शस्त्र म्हणतो ते जवळजवळ तयार होते, तेही लाखोंनी पडून असलेल्या बंदुकीवर. सैन्याने ते घेतले नाही. त्या वेळी समोरच्या शिपायाच्या अंगावर भेदावे असे काही नव्हते. केव्हलर हा गोळीरोधक जाकिटांचा धागा १९६५ मध्ये ड्यूपाँटमध्ये स्टेफनी क्वोलेकच्या कामातून आले आणि त्याची जाकिटे १९७० च्या दशकात. लक्ष्य आले तेव्हाच उत्तराला किंमत आली.

ते उत्तर म्हणजे बेल्जियमची पी ९०. ५.७×२८ काडतूस, २ ग्रॅमची गोळी, ७१५ मीटर वेग, ५० चे मॅगझिन. चाचणीचे लक्ष्य होते १.६ मि.मी. टायटॅनियम आणि केव्हलरचे २० थर. आता संवेग काढा: १.४३. ऊर्जा ५११ ज्यूल. स्कॉर्पिअनचा संवेग जवळजवळ तितकाच, ऊर्जा तिच्या निम्म्याहून कमी. केसचे बूड ८ मि.मी. च्या आत, काडतूस ६ ग्रॅमचे, म्हणजे १८० काडतुसे १.१ किलो. बारीक गोळीची सगळी आश्वासने इथे पहिल्यांदा एकत्र पूर्ण होतात.

पण ब्लोबॅकमध्ये उच्च दाबाचा बाटलीसारखा केस बाहेर ओढला जातो तेव्हा आत दाब अजून बराच असतो. केस चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटतो, बूड मागे येते आणि केस फाटतो. म्हणून ५.७ च्या केसवर खास लेप असतो. तो पुसला गेला की अडचणी सुरू होतात. हेकलर अँड कॉखने एमपी ७ साठी ४.६×३० काढले आणि ब्लोबॅक सोडून गॅसवर चालणारा, फिरून कुलूप लावणारा बोल्ट घेतला. कल्पित इतिहासात ५ मि.मी. ची सबमशीन गन १९४० मध्ये दाखवायची असेल तर हे आठवणीत ठेवा. स्टेनच्या पत्र्याच्या नळीत ती चालणार नाही. तिला कुलूप लागेल, चांगला केस लागेल आणि बारीक व्यासाची लांब नळी कोरणारी यंत्रे लागतील. सबमशीन गनचा सगळा जीव स्वस्तपणात होता, तो तिथेच जातो.

गॅसचाच मार्ग पुण्यात पाषाणच्या एआरडीई या शस्त्र संशोधन संस्थेने घेतला. त्यांनी ५.५६×३० हे काडतूस आणि त्यावर चालणारी कार्बाइन बनवली, जी आज जेव्हीपीसी म्हणून ओळखली जाते. वजन सुमारे ३ किलो, परिणामकारक पल्ला १०० मीटरच्या वर, मिनिटाला ७०० च्या वर. डिसेंबर २०२० मध्ये तिच्या वापरकर्ता चाचण्यांचा शेवटचा टप्पा पूर्ण झाला. बंदूक कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनते आणि काडतुसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. ती आपल्याकडच्या ९ मि.मी. च्या स्टर्लिंग कार्बाइनच्या जागी यावी म्हणून बनवली गेली.

म्हणून वळण निवडायचे तर १९१८ चे पेडर्सन निवडा. कथेतला पहिला बदल युद्धभूमीवर ठेवू नका, कोठारात ठेवा: १९१९ मध्ये नग गुंडाळून ठेवले जातात तेव्हा काडतुसांचा साठा आणि ते बनवणारी यंत्रे मोडीत निघत नाहीत. १९२३ मध्ये तीन किलोच्या आतली बंदूक. १९२० च्या दशकात खरेदीदार जवळपास नाही, हेही खरे ठेवा. थॉमसनची तीच गत होती. १९४० ला ब्रिटन अमेरिकेकडून सबमशीन गन मागू लागते, आणि पेट्यांतून .४५ ऐवजी साडेआठ मि.मी. बुडाची, सरळ केसची, ३७ च्या मॅगझिनची बंदूक निघते. १९४१ ची एम १ कार्बाइन तरीही येऊ द्या, फक्त तिचे काडतूस थोडे मोठे आणि मागणी थोडी कमी दाखवा.